रविवारची पाच किलोमीटर

सी-४०३ ताई: नमस्कार. रविवारच्या चॅरिटी रनमध्ये मी आणि ए-१०२ मधला माझा शाळेपासूनचा मित्र पाच किलोमीटर एकत्र जाणार आहोत. त्याला बेकर मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाण्याचा आजार. त्याला विचारूनच इथे लिहितेय. त्याची व्हीलचेअर मी ढकलणार, पण पूर्ण अंतर एकटीला झेपायचं नाही. आणखी दोघं हवेत.

बी-२०४ काका: छान! पण रोज व्यायाम केला तर स्नायू पुन्हा भरत नाहीत का गं?

सी-४०३ ताई: नाही काका. स्नायूपेशीचं आवरण ताणात टिकावं म्हणून डिस्ट्रोफिन हे प्रथिन लागतं. त्याच्याकडे ते कमी आणि सदोष बनतं. पेशींची झीज भरून येण्यापेक्षा लवकर होते आणि स्नायूंच्या जागी हळूहळू चरबी साचते. हलका व्यायाम तो करतो, दमेपर्यंत नाही. हे प्रथिन ओळखलं गेलं तेच १९८७ साली. त्याच्या मामाचे पाय का गेले, ते त्याआधी घरात कुणाला कळलंच नव्हतं. आजार आईकडून मुलाकडे येतो.

डी-३०१ दादा: मी येतो. चढावर मी ढकलेन.

सी-४०३ ताई: दादा, तू उताराला हवास. चढावर दम लागतो, उतारावर खुर्ची हातातून पळते. उतार तीव्र असेल तर खुर्ची पाठमोरी उतरवायची. पुढची लहान चाकं खाचेत अडकतात, तेव्हा खुर्ची थोडी मागे कलवायची. आणि त्याला बगलेत हात घालून कुणीही उचलायचं नाही. खांदे कमजोर असल्याने तो हातातून निसटतो.

ए-३०३ काकू: बिचाऱ्याला सोसेल ना एवढं?

ए-१०२: काकू, बिचारा नका म्हणू. हृदयाची तपासणी झाली आहे, डॉक्टरांनी होकार दिलाय. मला सोसत नाही ती थंडी. ढकलणारी घामाघूम होते आणि बसलेला गारठतो. मागच्या रनला चौथ्या किलोमीटरला माझी बोटं आखडली होती. तिची लय मोडेल म्हणून बोललो नाही.

सी-४०३ ताई: ते मला घरी आल्यावर कळलं. फार वाईट वाटलं होतं. आता दर किलोमीटरला थांबायचं, त्याने सांगायची वाट बघायची नाही. वेळ कितीही लागू दे.

बी-२०४ काका: शेवटी चार पावलं चालत रेषा ओलांडलीस तर? फोटो पाहून लोक निधीही जास्त देतील.

ए-१०२: काका, चालता येईल. पण तेवढी ताकद मला घरी गेल्यावर खुर्चीतून उठायला, अंघोळीला लागते. ती फोटोसाठी खर्च करणार नाही. रेषा खुर्चीवरच ओलांडणार.

बी-२०४ काका: बरोबर आहे तुझं. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ए-३०३ काकू: माझ्याकडे हलकी, ऊबदार शाल आहे. चाकात अडकणार नाही अशी खोचून देईन.

सी-४०३ ताई: काकू, नक्की द्या. दादा, गुरुवारी सकाळी सहाला गेटपाशी ये. पार्किंगच्या उतारावर सराव करू. आधी रिकामी खुर्ची, मग तो बसेल.