बाऊलाच्या मागं कुत्रे सोडावं का? आन् हा ससा रडवाचा भोंगा कामाचा हाय का?

धुऱ्यावरचा (राळेगाव तालुका)

राम राम मंडळी. माहं साडेचार एकर वावर हाय, अर्ध्यात परहाटी, अर्ध्यात तूर. वावरातच कोठा, आन् कोठ्याले लागून कोंबड्याइचं खुराडं. दिवाईच्या टायमाले 38 गावरान कोंबड्या होत्या, आज सकाऊन मोजल्या तं 27. आमच्या बाजारात 500 च्या खाली गावरान कोंबडी भेटत नाई. हिशेब तुमीच लावा.

चोर म्या पाह्यला हाय. एक डाव पहाटी तुरीच्या तासातून निंगाला. घरच्या मांजरीहून उंच, पाय लांब लांब, शेपूट आखूड आन् शेपटीच्या शेंड्याले काळे कडे. धुऱ्यावर उभा राहून मले असा पाह्यला, जसं वावर त्याच्या बापाचं आन् सातबाऱ्यावर माहं नाव चुकून चढलं. आमच्याकडं या रानमांजराले बाऊल म्हंतेत.

भाचा अमरावतीले शिकते. त्यानं मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखोले. थे लोक लंबकान्या कुत्र्याइले गाडीत घालून नेतेत, कुत्रे माग काढतेत, मांजर झाडावर चढते, खाली कुत्रे भुंकत रायतेत. दुसऱ्या व्हिडिओत मानूस झुडपात बसते, भोंग्यातून सशाच्या रडन्याचा आवाज सोडते, आन् बॉबकॅट नावाचं रानमांजर आपल्या पायानं चालत येते. पोट्टं म्हने, मामा, आपल्याकडं मोती हाय, वाघ्या हाय, ब्लूटूथचा डबा हाय. अजून काय पाह्यजे?

मांगच्या शनिवारी करून पाह्यलं. तुरीच्या कडेले बंडी उभी केली, बंडीवर आमी दोघं, कुत्रे खाली चाकाले बांधले. डबा 40 पावलांवर धुऱ्यावर ठेवला. राती आठ वाजता आवाज चालू. राजेहो, थो आवाज म्हंजे लेकराले कोनी चिमटे घेऊन रायलं असा. माह्याच अंगावर काटा आला. दहा मिनिटात दोन कोल्हे आले. टॉर्च मारली तं पयाले. बाऊल नाई.

अर्धा घंटा झाला असन, मोतीचं भुकनं एकदम बंद. वाघ्या बंडीखाली घुसला आन् चाकाले चिकटून थरथरून रायला. हवा कायचीच नाई, तरी नाल्याकडच्या तुरी हालत होत्या. पोट्ट्यानं टॉर्च फिरवली तं दोन डोळे. पर थे बाऊलाच्या उंचीवर नव्हते, माह्या कमरेएवढे होते! पोट्ट्याच्या हातातला मोबाइल खाली कुटारात पडला, तिकडं ससा रडूनच रायला. काई टायमानं डोळे दिसनं बंद झालं. आमी दोघंई उजेड पडेस्तोर बंडीवर. सकाऊन डबा सापडला, ठेवला होता तिथून दोन हात सरकलेला.

तं प्रश्न असे का, भोंग्यानं बाऊल काहून नाई आला? गावठी कुत्र्याइले माग काढाचं शिकोता येते का? आन् थे डोळे कोनाचे असतीन?

संत्रानगरी

भाऊ, तुम्ही जेवणाची घंटा वाजवली आणि आता विचारता की पंगतीला कोण येऊन बसलं!

(बाकी कुत्रे शहाणे निघाले. त्यांना सलाम.)

दारव्हा_ते_आयडाहो

मी मूळ दारव्ह्याचा, नऊ वर्षांपासून अमेरिकेत आयडाहो राज्यात आहे. स्वतः शिकार करत नाही, पण शेजाऱ्याकडे पाच हाउंड, म्हणजे माग काढणारे शिकारी कुत्रे, आहेत आणि दोन हिवाळे मी त्याच्या गाडीत बसून हिंडलोय. व्हिडिओत काय दाखवत नाहीत ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे बर्फ. रात्री ताजा बर्फ पडला की तो पहाटे चारला निघतो, जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर हळूहळू गाडी चालवत पावलांचे ठसे शोधतो. ठसा मिळाला, तो ताजा वाटला, तरच कुत्रे सोडायचे. कितीदा दिवसभर फिरून कुत्रे गाडीतच राहतात. कुत्रे म्हणजे ट्रीइंग वॉकर, ब्लूटिक, प्लॉट या जातींचे. पिढ्यान् पिढ्या फक्त नाकासाठी आणि आवाजासाठी निवडत आणलेले. वास घेत पळताना त्यांचा आवाज लांबलचक, रडका असतो. मांजर झाडावर चढलं की तोच आवाज तुटक, भराभर होतो. शेजारी दोन किलोमीटरवरून ऐकून सांगतो, ‘चढलं’. गळ्यात जीपीएसचे पट्टे असतात, तरी तो कानावरच जास्त विसंबतो.

मांजर झाडावर का चढतं? त्याला दम नसतो. मांजरकुळाचा जोर थोड्या अंतराच्या झडपेत, लांब पळण्यात नाही. कुत्रा तासन् तास पळू शकतो. आणि हे सगळं उंच झाडांच्या जंगलात चालतं. तुमच्या तुरीत बाऊल चढणार कशावर? तो नाल्यातल्या बिळात शिरेल, नाहीतर वळून मोतीच्या नाकाला नखं लावेल.

भोंग्याचं म्हणाल तर मांजर त्याला येतं, पण कोल्ह्यासारखं धावत नाही. तिथला कोल्ह्याचा भाऊबंद म्हणजे कायोटी. त्याच्यासाठी पंधरा-वीस मिनिटं बसतात. बॉबकॅटसाठी पाऊण तास, तासभर. ते दोन पावलं येतं, बसतं, बघतं, पुन्हा दोन पावलं. आवाज थांबला तर त्याचं लक्षही उडतं, म्हणून आवाज चालूच ठेवतात आणि जवळ दोऱ्याला एखादं पीस लटकवतात. वाऱ्यावर ते हललं की मांजराचे डोळे तिथंच खिळतात. कदाचित तुमचा बाऊल त्या रात्री तुरीत बसून सगळा तमाशा बघत असेल.

आणि तिकडे मोकाट सुटलंय असं समजू नका. परवाना, हंगाम, बिबट्याएवढ्या त्या मोठ्या मांजराला, म्हणजे कूगरला, वेगळा टॅग. आमच्या राज्यात तर हाउंड वापरायचाही वेगळा परवाना, आणि मारलेलं जनावर नेऊन दाखवावं लागतं. ओरेगनने 1994 मध्ये आणि वॉशिंग्टनने 1996 मध्ये लोकांच्या मतदानाने कूगरवर कुत्रे सोडणं बंद केलं. कॅलिफोर्नियाने कूगरची शिकारच 1990 मध्ये थांबवली, बॉबकॅटची 2019 च्या कायद्याने. कोलोरॅडोत 2024 मध्ये बंदीचा प्रस्ताव मतदानात पडला. शेजारी आणि त्याची मुलगी या विषयावर जेवताना बोलत नाहीत, एवढा तो तिथे तापलेला आहे. शेजारी स्वतः बहुतेकदा झाडावरच्या मांजराचा फोटो काढून कुत्रे ओढत परत आणतो. गेल्या वर्षी लांडग्यांनी त्याची एक कुत्री मारली. चार दिवस तो कोणाशी धड बोलला नाही.

जुना_वनमजूर

धुऱ्यावरचे भाऊ, मी एकतीस वर्षं वनखात्यात काढली, आधी रोजंदारीवर, मग वनमजूर म्हणून. तुमचाच भाग. तुमचं वाचून झोप उडाली म्हणून नातवाकडून टाइप करून घेतोय. थोडं लांबेल.

सगळ्यात आधी ते डोळे. उंचीवर जाऊ नका, टॉर्चच्या उजेडात सगळंच मोठं दिसतं. नाल्याच्या रेतीत ठसे असतील. त्यावर घमेलं पालथं घालून ठेवा आणि 1926 ला फोन लावा, तो हॅलो फॉरेस्टचा नंबर आहे. नाहीतर बीटच्या वनरक्षकाला बोलवा. आपल्या भागात टिपेश्वर अभयारण्यातले वाघ फिरत असतात, बिबट तर कुठंही. बिबट्याला कुत्रा म्हणजे ताटात वाढलेलं जेवण, आणि तुम्ही दोन ताटं बंडीच्या चाकाला बांधून ठेवली होती. वर ससाही रडवला.

आवाज काढून जनावर बोलावणं आपल्याकडं नवं नाही. माझ्या आज्याच्या वेळचे शिकारी कोवळं पान ओठात धरून चितळाच्या पाडसासारखं ओरडायचे. पारधी लोक पिंजऱ्यात पाळलेला तितर ठेवत, तो ओरडला की रानातला नर भांडायला यायचा. पण पानवाल्याबद्दल आजा एकच सांगायचा, पान वाजवायचं तर पाठ झाडाला लावून. कारण आई चितळ आधी येते आणि तिच्या मागं कोण येईल ते पान वाजवणाऱ्याच्या हातात नसतं. तुमच्या भाच्याच्या मोबाइलमध्ये ही ओळ लिहिलेली नव्हती.

कुत्र्यांचं म्हणाल तर आपल्याच तालुक्यात 2018 मध्ये टी-1 वाघिणीच्या वेळी काय काय झालं ते तुम्ही पाहिलंच असेल. अवनी म्हणायचे लोक तिला. 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. हत्ती आले, ड्रोन आले, केन कोर्सो नावाचे इटालियन कुत्रे आणले, विदेशी अत्तरसुद्धा वापरायला काढलं, कारण त्याचा वास मोठ्या मांजरांना ओढतो म्हणतात. अत्तराची बाटली रानात, असं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. कुत्र्यांनी काही तिला शोधून दिली नाही. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीकडं तिला गोळी लागली, ती आधी बाजारातून परतणाऱ्या गावकऱ्यांनाच रस्त्यावर दिसली होती. सरकारचं सगळं लावून ही गत, आणि तुम्ही मोती-वाघ्यावर निघालात.

आता कायदा. लोकांना वाटतं मारलं तरच शिकार. 1972 च्या वन्यजीव कायद्यातली व्याख्या वाचा: पकडणं, फासे लावणं, सापळा, हाकलणं, आमिष दाखवणं, कुत्र्यांनी पाठलाग करणं, हे सगळं शिकारच. तसा प्रयत्न केला तरी शिकारच. बाऊलालाही ती लागू, बिबट्यालाही. म्हणजे शनिवारचा तुमचा कार्यक्रम बंडीवर बसून झाला असला तरी त्यात बसतो. हे इथं लिहिलंत ते लिहिलंत, चौकात सांगत फिरू नका.

कुत्र्यांचा अजून एक धोका असतो, तो डोळ्याला दिसत नाही. डिस्टेंपर, कुत्र्यांचा साथीचा रोग. 2018 मध्येच गीरच्या सिंहांत तो शिरला होता. मोती-वाघ्याला लस टोचली नसेल तर टोचून घ्या, रेबीजचीही.

आणि शेवटी बाऊल. भाऊ, तुम्ही त्याला तुरीत पाहिला, खुराड्यात पाहिला का? तुरीत तो उंदरासाठी असतो. दिवसाला तीन ते पाच उंदीर खातो एकटा. कोंबडी तो नेतो, नाही म्हणत नाही, पण नेतो ती उघड्यावरची, पहाटेची, आणि अख्खी उचलून नेतो. तुमच्या 11 गेल्या त्या दिवसा की रात्री? दार बंद असताना? रक्त पडलं होतं का? हे काहीच तुम्ही लिहिलं नाही. खुराड्याभोवती चुलीची राख चाळून पसरा, हातभर रुंद. सकाळी बघा. मांजराचे चार बोटांचे ठसे असतात, नखं उमटत नाहीत. कुत्र्याची नखं उमटतात. पाच बोटं दिसली तर चोर वेगळा.

कोंबडीवाली_कळंब

दादा, राख टाकायची ती टाका, पण आधी जाळी बघा. आपण सगळे ती षटकोनी भोकांची स्वस्त जाळी लावतो. ती कोंबडी आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. माझ्या 60 पैकी 14 गेल्यावर मी वेल्डमेश, म्हणजे जोड दिलेल्या तारांची ताठ जाळी, लावली, बोट जाईल एवढीच भोकं. खाली एक फूट जमिनीत गाडली, वरून छतही जाळीचंच. टिनाच्या पत्र्याखाली मनगटाएवढी फट होती, चोर तिथूनच यायचा, आणि मी सहा महिने शेजारणीच्या मांजरीला शिव्या देत होते. आता सांजेला दिवा लावायच्या आधी कडी लावते. नुसता अडसर नाही, खिट्टीवाली कडी. तेव्हापासून एकही गेली नाही, एक सोडून. ती घार घेऊन गेली, दुपारी, माझ्यासमोर.

धुऱ्यावरचा

सगळ्याइले राम राम. तीन दिवसानं लिहून रायलो.

नाल्याच्या रेतीत दोन ठसे चांगले भेटले. घमेलं ठेवलं, फोन लावला. वनरक्षक दुसऱ्या दिवशी आला, पट्टी ठेवून मोजलं, साडेसात सेंटिमीटर निंगाले. म्हने बिबट. माह्या बायकोनं बंडीकडं पाह्यलं, मंग माह्याकडं पाह्यलं, आन् घरात निंगून गेली. भाच्याले तिनं काय सांगतलं थे इथं लिहाले जमत नाई. डबा तिच्या पेटीत कुलुपात हाय.

कुत्र्याइले काल इंजेक्शनं देल्ली. वाघ्या अजून राती कोठ्याच्या बाहेर निंगत नाई.

राख टाकली. पयली रात काईच नाई. दुसऱ्या राती, वनमजूर काका, पाच बोटं! खुराड्याच्या मांगच्या बाजूनं, जिथं पत्रा वर उचलला हाय तिथून. मावशी, तुमची मनगटाएवढी फट माह्याकडं हातभर हाय. वनरक्षकाले फोटो धाडला, थो म्हने उदमांजर. कोंबड्या गेल्या त्या सगळ्या रातच्याच होत्या, हेबी आता आठोलं.

बाऊल आज पहाटी पुन्हा धुऱ्यावर होता. तोंडात उंदीर. मले पाह्यलं तरी हालला नाई.

एकच विचारतो, उदमांजर पपई खाते का? कोठ्यामागच्या झाडाच्या चार पिकल्या पपया गेल्या, आन् माह्या बायकोचा संशय अजून माह्यावरच हाय.

जुना_वनमजूर

खाते. घरच्यांना माझं नाव सांगा.