मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या लॉ फर्मच्या अर्जातले ‘एक प्रसंग सांगा’ छाप प्रश्न

मुक्काम_लीड्स

नमस्कार मंडळी,

इथे बरेच दिवस वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

पुण्यातून पाच वर्षांचं बीए एलएलबी केलं, आता लीड्सला एलएलएम चालू आहे. इथल्या फर्ममध्ये ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टसाठी अर्ज भरायला घेतलेत. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: सॉलिसिटर होण्याआधी फर्ममध्ये दोन वर्षं उमेदवारी करायची, साधारण सहा-सहा महिने चार वेगवेगळ्या खात्यांत. प्रत्येक खात्यातल्या मुक्कामाला ‘सीट’ म्हणतात. मोठ्या फर्म ही भरती दोन-दोन वर्षं आधी करतात आणि बऱ्याच जणी एसक्यूई या सॉलिसिटर होण्यासाठीच्या परीक्षेचा खर्चही उचलतात, त्यामुळे झुंबड असते.

शिक्षण, मार्क, इंटर्नशिप हे रकाने भरून झाले. घोडं अडलंय काँपिटन्सी प्रश्नांवर, म्हणजे अनुभवातून तुमची क्षमता जोखणाऱ्या प्रश्नांवर. प्रत्येकी २५० शब्द:

१) इतरांबरोबर काम करताना मतभेद झाला आणि तुम्ही तो हाताळलात, असा एक प्रसंग सांगा.
२) एकाच वेळी अनेक कामं अंगावर आली तेव्हा तुम्ही काय केलंत?
३) एखादं अपयश आणि त्यानंतर तुम्ही काय बदललंत?

पहिल्याचा माझा मसुदा असा आहे (मूळ इंग्रजीत, इथे मराठीत सांगते):

“तिसऱ्या वर्षी आमच्या कॉलेजचा संघ राष्ट्रीय मूट कोर्ट (लुटुपुटूचा खटला लढवायच्या) स्पर्धेत उतरला होता. मेमोरियल (लेखी युक्तिवाद) द्यायची तारीख जवळ आलेली असताना मुद्द्यांच्या क्रमावरून संघात मतभेद झाले. आम्ही मोकळेपणाने चर्चा केली, एकमेकांची बाजू समजून घेतली आणि सर्वानुमते मार्ग काढला. आमचा संघ उपांत्य फेरीपर्यंत पोचला. या अनुभवातून मी संघभावना, संवादकौशल्य आणि नेतृत्व शिकले.”

वाचायला बरं वाटतं, पण कुठेतरी पाणी मुरतंय. इथे वकील आणि इंग्लंडवासी दोन्ही आहेत म्हणून विचारते. मूट आणि इंटर्नशिप सोडली तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. सुट्टीत गावी बाबांच्या कृषी सेवा केंद्रात गल्ल्यावर बसते, पण ते काय लिहिणार!

खवचट

पाच वर्षं कायदा शिकायचा आणि मग निबंध स्पर्धेत भाग घ्यायचा. एआयला सांगा की, अर्ध्या मिनिटात लिहून देईल.

सई_मँचेस्टर

@खवचट, वरचा मसुदा एआयनेच लिहिल्यासारखा आहे, तीच तर अडचण आहे. (लीड्सवाले, राग मानू नकोस.) शिवाय बऱ्याच फर्म आता एआय कुठवर चालेल ते अर्जातच लिहून ठेवतात. ती ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

मी इथे दुसऱ्या वर्षाची ट्रेनी आहे. ओपन डेला मुलांशी बोलायला आम्हालाच उभं करतात, त्यामुळे असे मसुदे पुष्कळ बघते. तुझ्या उत्तरातून मूट काढ आणि तिथे गणेशोत्सव मंडळ टाक. बाकी एक शब्द बदलावा लागत नाही. वाचणाऱ्याला तू दिसतच नाहीस. क्रम कुठला होता, कोणाला कुठला हवा होता, तुझं मत काय होतं, तू कोणाला काय म्हणालीस? ‘चर्चा केली’ ही कृती नाही, कृतीवर टाकलेलं पांघरूण आहे. आणि उपांत्य फेरी हे मतभेदाच्या प्रश्नाचं उत्तर नाही. मतभेद मिटल्यामुळे तिथे पोचलात की तो असूनही पोचलात?

स्टार पद्धत तुला माहीत असेलच: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. सगळे ती सांगतात, पण चारही भागांना सारखी जागा देऊन बसतात. २५० शब्दांत पहिल्या दोन्ही मिळून पन्नासच्या वर जाऊ देऊ नकोस. दीडशेच्या आसपास कृतीला. उरलेले परिणामाला.

प्रश्न कुठून येतात तेही बघून ठेव. सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीने सॉलिसिटरला काय काय यायला हवं ते लिहून ठेवलंय, त्याचे चार भाग आहेत: सचोटी आणि विवेक, कायद्याचं तांत्रिक काम, इतरांबरोबर काम करणं, आणि स्वतःला व स्वतःच्या कामाला शिस्त लावणं. तुझे पहिले दोन प्रश्न सरळ शेवटच्या दोन भागांतले आहेत. मतभेदाच्या प्रश्नात तू भांडखोर आहेस का हे कोणी बघत नाही. क्लायंट चुकीचा हट्ट धरून बसला किंवा सीनियरच्या नजरेतून काही निसटलं, तर तू तोंड उघडशील का आणि कसं, हे बघतात.

जुना_वकील

सईताईंचं म्हणणं पटलं. इंग्लंडचं मला काही कळत नाही, पण चाळीसेक वर्षं दिवाणी वकिली केली आहे. बाळा, ते दुकानाचं जरा सविस्तर सांग. गल्ल्यावर बसतेस म्हणजे नुसते पैसे मोजतेस की आणखी काही? कृषी सेवा केंद्र म्हटलं की उधारी आली, आणि उधारी आली की मतभेद आलेच.

मुक्काम_लीड्स

सई, धन्यवाद. गणेशोत्सव मंडळ अगदी वर्मी लागलं.

काका, सांगते, पण ते मतभेदात बसेल असं मला वाटलं नव्हतं. सांगली जिल्ह्यात आमचं दुकान आहे. खरिपाला बियाणं-खत उधारीवर जातं. सोयाबीनवाले माल विकला की दिवाळीच्या आगेमागे देतात. ऊसवाल्यांचं सगळं कारखान्याच्या बिलावर. कायद्याने ते चौदा दिवसांत मिळायला हवं, पण बिल लांबलं की आमचीही बाकी लांबते. सगळा हिशेब बाबांच्या वहीत, बाबांच्या अक्षरात.

कॉलेजात मुदतीचा कायदा शिकल्यावर मी वही चाळली. बऱ्याच नोंदींना तीन वर्षं होत आली होती. बाबांना म्हटलं, मुदत संपायच्या आत बाकीवर सह्या घ्या, नाहीतर दावाच लावता येणार नाही. बाबा म्हणाले, “दावा लावायचाय कुणाला? सही मागितली की माणूस तुटला.” त्यावरून आमचं चांगलंच वाजलं.

मग मी काही दिवस नुसतं ऐकत बसले. लक्षात आलं की गिऱ्हाइकांचीही तक्रार आहे. “मागच्या खेपेला दिले ते मांडलेच नाहीत,” असं दर दुसरा माणूस म्हणतो. म्हणून मी बाकीची चिठ्ठी काढली, दोन प्रतींत. एक गिऱ्हाइकाकडे, एक आमच्याकडे, आणि दोन्हींवर दोघांच्याही सह्या. म्हणजे आधी बाबा सही करणार. पाडव्याच्या आत सगळ्यांना द्यायची. बाबांना हे पटलं. दोन-तीन जुन्या माणसांना ते आवडलं नाही. बाबा म्हणाले त्यांचं राहू दे, आणि मीही ताणलं नाही.

हे असलं चालतं का इंग्लंडमध्ये?

जुना_वकील

वा! १९६३ च्या मुदत कायद्याचं कलम १८ तू घरातच राबवलंस की: देण्याची सहीनिशी लेखी कबुली मिळाली की मुदत नव्याने सुरू होते. सही मुदत संपायच्या आधी घेतलीस हे महत्त्वाचं. मुदत उलटल्यावर घेतलेली सही या कलमात बसत नाही, तिथे करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे पैसे देण्याचं लेखी वचन लागतं. आमच्या कित्येक पक्षकारांना हा फरक दावा फेटाळल्यावर कळला.

टेम्सकाठचा_तात्या

उशिरा आलो, पण जेवण वाढून झाल्यावरच येण्याची आमची पद्धत आहे.

मुली, हे उत्तर सोडून मूट लिहिलंस तर तुला इथून लीड्सपर्यंत रागवायला येईन. मी लंडनमध्ये सॉलिसिटर आहे, व्यावसायिक करारांचं काम करतो. माझं निम्मं आयुष्य हेच सांगण्यात जातं: साहेब, कायद्याने तुमची बाजू सुरक्षित करून देतो. आणि साहेब म्हणतात, पण समोरचा दुखावेल. तुझे बाबा म्हणजे क्लायंट. तू पहिल्यांदा कायदा सांगितलास आणि त्यांनी झिडकारला. मग तू धंदा समजून घेतलास आणि तोच कायदा अशा रूपात आणलास की दोन्हीकडच्या लोकांना त्याचा उपयोग वाटला. फर्मवाले ‘कमर्शियल अवेअरनेस’ म्हणून जे मागतात ते हेच. लोकांना वाटतं त्यासाठी फायनान्शियल टाइम्स पाठ करावा लागतो. (तोही वाच. मुलाखतीला लागतो.)

आता सूचना. ज्या क्रमाने सुचतायत त्या क्रमाने.

कलम नंबर लिहू नकोस. पाठांतर दाखवायची ही जागा नाही. पण मुलाखतीत विचारतील म्हणून तयार राहा: इंग्लंडमध्ये १९८० चा लिमिटेशन ॲक्ट, साध्या कराराला सहा वर्षं, आणि लेखी कबुलीने मुदत नव्याने सुरू होते ही कल्पना तिथेही आहे.

खरीप, पाडवा, ऊसबिल हे वाचणाऱ्याला कळणार नाही. म्हणून ते काढून ‘लहान कौटुंबिक व्यवसाय’ असं सपाट करू नकोस, रंग जाईल. अर्ध्या वाक्यात सांग: शेतकरी पीक विकलं गेल्यावर पैसे देतात. बस. पाडव्याऐवजी ‘दिवाळीतलं व्यापारी नवं वर्ष’ म्हण, दिवाळी त्यांना ठाऊक असते.

तुटलेले धागे लपवू नकोस. दोन-तीन जणांनी नकार दिला आणि तू ताणलं नाहीस, हे उत्तरातलं सगळ्यात वकिली वाक्य आहे.

सई_मँचेस्टर

तात्यांशी सहमत. फक्त एक भर: हीच गोष्ट तिसऱ्या प्रश्नालाही चालेल असा मोह होईल, कारण बाबांनी आधी झिडकारलं होतं. करू नकोस. एका अर्जात एक गोष्ट एकदाच. मूटचं मेमोरियल आणि परीक्षा एकदम आल्या असतील तर मूट दुसऱ्या प्रश्नाला वापर, पण तिथेही तू कुठलं काम आधी घेतलंस, कुठलं मागे टाकलंस आणि कोणाला ‘आज जमणार नाही’ म्हणालीस ते हवं. ‘वेळापत्रक केलं’ असं प्रत्येकजण लिहितो.

मुक्काम_लीड्स

परिणामात काय लिहू? वसुली किती टक्के वाढली वगैरे काही मोजलेलं नाही. सगळ्या नमुना उत्तरांत आकडा असतो.

टेम्सकाठचा_तात्या

मोजलं नसेल तर आकडा नाही. मनाचा टाकलास आणि मुलाखतीत कोणी “कसा काढलात?” विचारलं की संपलं. आणि जी नोकरी मागतेयस ती विश्वासाची आहे. डोळ्यांनी दिसलेला बदल लिही: आधी भांडण कधी व्हायचं, आता कधी होतं?

मुक्काम_लीड्स

आधी पैसे घेताना गल्ल्यावर व्हायचं, चार लोकांसमोर. आता चिठ्ठी देताना होतं, दोघांतच, आणि तिथेच मिटतं. बाबा आता मला न विचारता चिठ्ठ्या काढतात.

खवचट

बापाच्या उधारीवर लंडनची नोकरी. टोमणा मारायला आलो होतो, पण शेवटचं वाक्य आवडलं. तेच परिणामात टाका.

मुक्काम_लीड्स

नवा मसुदा:

“माझे वडील महाराष्ट्रात शेतकऱ्यांना बियाणं आणि खत विकतात, बहुतेक उधारीवर, आणि पीक विकलं गेल्यावर पैसे येतात. कायदा शिकताना माझ्या लक्षात आलं की काही जुनी येणी लवकरच मुदतबाह्य होतील. मी वडिलांना गिऱ्हाइकांकडून लेखी कबुली घ्यायला सांगितलं. त्यांनी नकार दिला: सही मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, आणि धंदा विश्वासावर चालतो. मी वाद थांबवला आणि काही दिवस दुकानात बसून ऐकलं. गिऱ्हाइकांनाही वहीबद्दल शंका होत्या, दिलेले पैसे मांडले गेले का, याच्या. म्हणून मी दोन प्रतींतली बाकीची चिठ्ठी सुचवली, जिच्यावर आधी माझे वडील सही करतील. त्यामुळे ती मागणी न राहता दोघांचं संरक्षण झाली. पहिल्या चिठ्ठ्या मी स्वतः लिहिल्या आणि दिवाळीतल्या व्यापारी नव्या वर्षाआधी पोचवल्या. काही जुन्या गिऱ्हाइकांनी नकार दिला. वडिलांना ते संबंध त्या रकमेपेक्षा मोलाचे वाटले आणि मी तो निर्णय मानला. आता हिशेबातला फरक गल्ल्यावर चारचौघांत निघत नाही, चिठ्ठी देतानाच मिटतो. वडील आता माझ्याशिवाय चिठ्ठ्या काढतात. यातून मी ऐकून घेण्याचं आणि लवचिकतेचं महत्त्व शिकले.”

टेम्सकाठचा_तात्या

शेवटचं वाक्य काढ, आधीच्या वाक्याने ते सांगून झालंय. वाचलेल्या शब्दांत वडिलांना नेमकं काय म्हणालीस ते एक वाक्य घाल. आत्ता ‘सुचवली’वर भागवलंयस.

जुना_वकील

आणि ‘मुदतबाह्य होतील’ असंच ठेव, ‘कर्ज बुडेल’ असं लिहू नकोस. मुदत संपली तरी देणं संपत नाही, फक्त दावा लावता येत नाही. वाचणारे वकील आहेत, पकडतील.

सई_मँचेस्टर

भरती रोलिंग असेल तर शेवटच्या तारखेची वाट बघू नकोस. अर्ज येतील तसे वाचतात आणि जागा भरत जातात. पाठवल्यावर बहुतेक वॉटसन ग्लेझर या तर्कशक्तीच्या चाचणीची लिंक येईल. तिचा सराव आत्तापासून कर, विशेषतः गृहीतकं ओळखायच्या भागाचा, आपल्याकडचे हुशार लोक तिथे जास्तीचा विचार करून मार खातात. मजकूर अर्जाच्या चौकटीत चिकटवलास की परिच्छेद मोडतात आणि शब्दमोजणी वेगळी दाखवते, तेही बघून घे.

तिसऱ्या प्रश्नाचा मसुदा नव्या प्रतिसादात टाक. वरचाच संपादित केलास तर खालची सगळी चर्चा अधांतरी राहील.