दाढेची कॅप: धातू, सिरॅमिक की झिरकोनिया?

गोरेगावकर
नमस्कार. माझ्या आईच्या (वय ६२) खालच्या उजव्या दाढेचे रूट कॅनल नुकतेच पूर्ण झाले असून दादरच्या डॉक्टरांनी आता कॅप बसवायला सांगितले आहे. त्यांनी तीन पर्याय समोर ठेवले: आतून धातू आणि वरून सिरॅमिक असलेली, संपूर्ण झिरकोनियाची (पांढरे, फार मजबूत सिरॅमिक) आणि ई-मॅक्सची (काचेच्या जातीचे सिरॅमिक). तिन्हींच्या दरांत बराच फरक आहे आणि प्रत्येकीच्या वॉरंटी कार्डावर वर्षांचा आकडाही वेगळा आहे. आईचे म्हणणे असे, की दुखणे थांबले आहे, दाढ मागची असल्याने कोणाला दिसत नाही, मग कॅप हवीच कशाला, आणि हवीच असेल तर सर्वांत स्वस्त का नको? ती झोपेत दात खाते. शिवाय खोटे कानातले घातले की तिच्या कानाच्या पाळीला खाज सुटते. हे डॉक्टरांना सांगण्यासारखे आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

परळचा दंतवैद्य
खाजेची गोष्ट अवश्य सांगा, ती महत्त्वाची आहे. स्वस्त कॅपमधील धातू बहुधा निकेल-क्रोमियमचा असतो आणि खोट्या दागिन्यांनी खाज सुटण्यामागेही पुष्कळदा निकेलच असते. अशा व्यक्तीसाठी निकेल नसलेला धातू, उदाहरणार्थ कोबाल्ट-क्रोमियम, मागावा किंवा धातू टाळावा.

आता आईंच्या शंकेविषयी. रूट कॅनलनंतर दुखणे थांबते ते नस काढून टाकल्यामुळे. दाढ त्याने बळकट होत नाही. किडीने आणि उपचाराने तिचा मधला भाग गेलेला असतो, उरलेल्या भिंती चावताना बाहेरच्या बाजूला फाकू पाहतात, आणि सुपारीच्या एखाद्या खांडाने दाढ मुळापर्यंत उभी चिरली, तर बहुतेक वेळा ती काढण्यावाचून गत्यंतर नसते. कॅप या भिंतींना चहूबाजूंनी बांधून ठेवते.

मात्र कोणती कॅप, हे मी दरपत्रकावरून ठरवत नाही. आधी दाढ किती उरली आहे ते पाहतो. हिरडीच्या वर, भरणा सोडून, सर्व बाजूंनी साधारण दीड ते दोन मिलिमीटर उंचीचा निरोगी दात शिल्लक असेल, तर कॅपला धरायला जागा मिळते. तो नसेल तर महागातली कॅपही सैल होऊन निघते किंवा दाढेसकट मोडते.

दुसरा प्रश्न कॅपला जागा करण्यासाठी दात घासून कमी करण्याचा. धातू-सिरॅमिकमध्ये दोन थर मावायचे असल्याने चावण्याच्या पृष्ठभागावरून सुमारे दीड ते दोन मिलिमीटर दात घासावा लागतो, ई-मॅक्ससाठी सुमारे दीड, तर संपूर्ण झिरकोनियाचे काम साधारण एक मिलिमीटरमध्ये भागू शकते. दात खाण्याच्या सवयीने दाढा आधीच झिजून आखूड झालेल्या असतात, त्यामुळे हा अर्धा मिलिमीटर तिथे फार मोलाचा ठरतो.

ई-मॅक्स म्हणजे लिथियम डायसिलिकेट. त्यातून प्रकाश नैसर्गिक दातासारखा जातो, म्हणून पुढच्या दातांसाठी ते मला विशेष आवडते. झिरकोनिया त्याहून पुष्कळ मजबूत, पण त्यातही प्रकार आहेत: त्यात मिसळलेल्या यिट्रिया या ऑक्साइडचे प्रमाण वाढवले की ते अधिक पारदर्शक दिसते आणि त्याची ताकद बरीच कमी होते. आईंच्या दाढेला कमी पारदर्शक, मजबूत प्रकारची आणि वर सिरॅमिकचा थर नसलेली कॅप मी सुचवेन, कारण दात खाणाऱ्यांच्या बाबतीत वरच्या थराचाच टवका उडतो. झिरकोनियाने समोरचा दात झिजतो ही भीती गुळगुळीत पॉलिश केलेल्या कॅपबाबत फारशी खरी नाही. खडबडीत राहिलेल्या कॅपबाबत मात्र खरी आहे. रात्रीसाठी नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचे आवरण) मात्र कॅप कोणतीही असली तरी लागेलच.

गिरगावची माई
डॉक्टरांनी संपूर्ण धातूच्या कॅपचा उल्लेख केला नाही, याचे आश्चर्य वाटले. मागच्या दाढेसाठी तीत दात सर्वांत कमी घासावा लागतो आणि टवका उडण्याचा प्रश्नच येत नाही. माझ्या वडिलांच्या तोंडात सोन्याच्या मिश्रधातूची कॅप शेवटपर्यंत टिकली. अर्थात आजच्या सोन्याच्या भावात ती सुचवणे म्हणजे थट्टाच. खर्चाची अडचण असेल, तर मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर दंत रुग्णालय किंवा सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय येथे चौकशी करावी. तिथे फेऱ्या जास्त होतात आणि वेळ हाताशी ठेवावा लागतो, परंतु शिकणारे डॉक्टर अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात.

परळचा दंतवैद्य
माई, आपले म्हणणे मान्य आहे. चांदीच्या रंगाची दाढ चालत असेल, तर निकेल नसलेल्या धातूची संपूर्ण कॅप हा उत्तम पर्याय आहे. रुग्णच नको म्हणतात, म्हणून मी तो हल्ली सुचवत नाही.

गोरेगावकर
दोघांचेही मनःपूर्वक आभार. आईला धातूचा रंग नको आहे, त्यामुळे झिरकोनियाकडे कल आहे. वॉरंटीची वर्षे किती मनावर घ्यावीत?

परळचा दंतवैद्य
फारशी नाही. वॉरंटी सहसा कॅप मोडण्यापुरती असते. कॅपच्या कडेखाली दात किडला तर ते कार्ड उपयोगी पडत नाही, आणि कॅप बदलण्याची वेळ पुष्कळदा त्याच कारणाने येते. कार्ड जपून ठेवा, कारण त्यावरून साहित्य आणि लॅब कळते. त्यापेक्षा सिमेंट लावण्याआधी कॅप नुसती बसवून पाहतील, तेव्हा लक्ष द्या: शेजारच्या दातांमधून फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) किंचित अडून जायला हवा, सहज सरकला तर तिथे अन्न अडकत राहील. चावल्यावर ती दाढ इतरांच्या आधी टेकत असेल, तर आईंनी संकोच न करता लगेच सांगावे. उंची कमी करण्यासाठी कॅप घासली, तर ती जागा पुन्हा पॉलिश करून घ्या.