सोसायटी ग्रुप: पोट्ट्याच्या दप्तरातला चाकू

सी-१०१ काका: काल संध्याकाळी पार्किंगमागे आपलाच एक पोट्टा दोस्तांना बटणाचा चाकू दाखवत होता. शाळेच्या दप्तरातून काढला. नाव इथं टाकत नाही, त्याच्या बाबांशी बोललो.

ए-३०४: काहून आणला म्हणे?

सी-१०१ काका: "सगळ्यांजवळ असतो." ऑनलाइन मागवला, पार्सल घरच्यांनीच घेतलं.

डी-४०२: अमेरिकेत शाळेपासून १००० फुटांत बंदूक बाळगायला बंदी आहे. आपल्याकडे असं काही नाही का?

बी-२०२ वकील ताई: शस्त्र कायदा १९५९ मध्ये शाळेभोवती अशी हद्द आखलेली नाही. आपल्याकडे १०० यार्डांची हद्द आहे ती तंबाखूविक्रीला, २००३ च्या कायद्यानं. मला हे फार खटकतं. पण म्हणून दप्तरात चाकू चालतो असं नाही. पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असलं, आणि ते घरकाम-शेतीचं नसलं, की शस्त्र कायदा लागतो. केक कापायला तलवार काढणाऱ्यांवर कलम ४/२५ लागतं ते यामुळंच.

ए-३०४: मग लहान चाकूला सूट?

बी-२०२ वकील ताई: नाही भाऊ. पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश काढतात. आदेश चालू असताना चाकू, लाठी घेऊन फिरलं तरी कलम १३५, एक वर्षापर्यंत कैद. सणासुदीला, निवडणुकीत हे आदेश असतातच.

डी-४०२: सरळ पोलिसांत द्या पोट्ट्याला, धाक बसंल.

बी-२०२ वकील ताई: धाकासाठी नको. १८ च्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. पण एखादा मोठा माणूस पोरांच्या हातात हत्यार देऊन गैरकाम करून घेत असेल, तर त्याला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून आधी विचारा, हे "सगळे" कोण? ट्युशनमध्ये कोणी धमकावतं का? घाबरलेलं पोरगंही चाकू ठेवतं, अन् झटापटीत तोच त्याच्या पोटात जातो.

ई-१०३ काकू: हे खरं आहे. माझा नातू महिनाभर ट्युशनला जायला टाळत होता, आम्ही आळस समजलो. आज बसून विचारते.

सी-१०१ काका: ताई, शनिवारी पालकसभा आहे. दप्तर तपासणीचं मांडू?

बी-२०२ वकील ताई: मांडा. सगळ्या वर्गाची तपासा, एकट्या पोराला उभं करून नाही. मुलींची दप्तरं बाईंनीच. मी येते सोबत.