स्विमिंग पूलच्या काठाच्या टाईल्स सुटतायत, जुलैत काम काढावं का?

बाणेर_सेक्रेटरी
नमस्कार. आमच्या सोसायटीचा पूल १२ बाय ६ मीटरचा, खोली सरासरी १.२ मीटर. कोपिंगच्या (काठावर बसवलेल्या दगडी पट्टीच्या) खाली, पाण्याच्या रेषेवर, काचेच्या मोझॅकचे तुकडे गळून पडतायत. एका मुलाचा तळवा कापला म्हणून पूल बंद केलाय. ठेकेदार म्हणतो, जुलैत पूल तसाही बंदच असतो, तेव्हा पूर्ण उपसून सगळ्या टाईल्स बदलू. पोरांची सुट्टी चाललीय, सभासद रोज विचारतात. काय करावं?

फरशी_मिस्त्री
ताई, पूल जमिनीत आहे की पार्किंगवरच्या पोडियमवर? जमिनीत असेल तर जुलैत अजिबात उपसू देऊ नका. आपल्याकडे थोडं खणलं की कातळ लागतो. पूलची टाकी बांधली की बाजूनं मुरूम भरतात. पावसाचं पाणी त्या मुरमात उतरतं आणि कातळामुळे तिथंच साठतं. टाकी भरलेली असते तोवर आतल्या वजनानं बसून राहते. रिकामी केली की बाहेरचं पाणी तिला होडीसारखं वर उचलू बघतं. तळाला तडे जातात, पाइप तुटतात. मग टाईल्सचं काम बाजूलाच राहतं.

आणि सगळ्या टाईल्स कशाला? नाण्यानं हलकं ठोकत काठानं फिरा. पक्की टाईल टणक वाजते, सुटलेली बद्द. फक्त वरचा पट्टा खराब असेल तर पंप बंद करून पाणी ३० सेंटीमीटर उतरवा, बास. ते झाले २१,६०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दोनाहून थोडे जास्त टँकर. पूर्ण उपसलात तर ८६,४०० लिटर, जवळजवळ नऊ टँकर.

टाईल चिकटवायच्या आधी ती सुटली का ते शोधा. कोपिंग आणि बाहेरच्या फरशीमधला सांधा बघा. तो लवचिक हवा, पण बरेच जण सिमेंटनं बुजवतात. उन्हात फरशी फुगते, कोपिंगला ढकलते आणि कोपिंगखालची टाईल उचकटते. तो सांधा कोरून, फोमची दोरी घालून, पॉलिसल्फाइड सीलंट भरून घ्या. नाहीतर नवी टाईलसुद्धा पडणार.

काच पाणी पीत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या रबडीवर ती धरत नाही. सुटा गिलावा छिन्नीनं काढा, नवा भरा, वॉटरप्रूफिंग करा. मग पांढरं पॉलिमर अॅडहेसिव्ह, पिशवीवर ‘सी२टीई एस१’ छापलेलं बघून घ्या. दातेरी थापीनं लावा, मागं पोकळी राहता कामा नये. टाईल-टाईलमधल्या सांध्यात इपॉक्सी ग्राऊट. मोझॅकची शीट दर्शनी बाजूला कागद असलेली घ्या. मागं जाळी असेल तर तिचा गोंद पाण्यात सुटू शकतो.

ठाणे_पोडियम
आमचा पूल पोडियमवर आहे. टाईल्स पडायच्या आधीच खाली पार्किंगच्या छताला पांढरे ओघळ आले होते. तुम्हीही आधी गळती तपासा. पायरीवर बादली ठेवून तिच्यात पूलचंच पाणी भरा, बादलीतल्या आणि बाहेरच्या पातळीवर खुणा करा, पंप बंद ठेवून २४ तासांनी बघा. बाहेरचं पाणी जास्त उतरलं असेल तर गळती आहे. दोन्ही सारखी उतरली तर ते बाष्पीभवन.

बाणेर_सेक्रेटरी
दोघांचे आभार. पूल जमिनीतच आहे. बादलीत काही फरक पडला नाही. नाणं मात्र क्लब हाऊसच्या कडेला बद्द वाजलं, बाकी तिन्ही कडा टणक. त्याच बाजूला कोटा फरशीचा मोठा चौक आहे आणि सांधा सिमेंटनंच भरलाय! आणखी एक विचारते. पाण्याच्या रेषेवरचा पांढरा थर काढायला हाऊसकीपिंगवाले अॅसिड वापरतात. चालेल का?

फरशी_मिस्त्री
आजपासून बंद करा. अॅसिड सिमेंटचा ग्राऊट खातं, मग टाईलच्या मागं पाणी शिरतं. तो थर बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियमचा आहे. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवा आणि थर साचायच्या आधीच दर आठवड्याला नायलॉनच्या ब्रशनं रेष घासून घ्या.

एकच कड आहे, तर पावसाच्या आधी उरकून घ्या. आधी सांधा, मग टाईल. अॅडहेसिव्ह आणि ग्राऊटच्या पिशवीवर जेवढे दिवस लिहिलेत तेवढे पूर्ण होईपर्यंत पाणी वर चढवू नका, सभासद कितीही मागे लागले तरी. तळाशी काच पडली असेल, ती पोरं उतरायच्या आधी व्हॅक्यूम फिरवून काढा, कोपरे आणि पायऱ्यांच्या सांदीसकट.