सल्ला हवा: छोट्या आरएनएसाठी कोणता फ्लुरोसंट डाय?

हेअरपिनवाली:
नमस्कार मंडळी. माझा आरएनए ३६ न्यूक्लिओटाइडचा हेअरपिन आहे, म्हणजे स्वतःवरच दुमडून जोड्यांचा देठ झालेला. डीएनए टेम्पलेटवरून आरएनए बनवणाऱ्या टी७ पॉलिमरेझ या एन्झाइमने स्वतः बनवलाय. एक प्रथिन त्याला बांधलं जातं का आणि किती घट्ट, एवढंच मोजायचंय. फ्लुरोमीटरला (डायचा उजेड मोजणारं यंत्र) पोलरायझर आहेत, म्हणजे अ‍ॅनिसोट्रॉपीही मोजता येते: डाय जितका सावकाश गिरक्या घेतो तितका तो आकडा मोठा. तयार लेबल लावलेला आरएनए मागवण्याइतके पैसे नाहीत, तेवढं ध्यानात ठेवून सांगा. नुसता मिसळला की चिकटणारा डाय पुरेल, की टोकाला पक्का जोडू?

लालपिवळा:
एका टोकाला साय३, दुसऱ्याला साय५ हे डाय लावलेला आरएनए मागवा. फ्रेटने (एका डायची ऊर्जा जवळच्या दुसऱ्याकडे जाते ते) घडी उघडली-मिटली सगळं दिसतं, ५-६ नॅनोमीटरच्या आसपास तर फारच छान. मी कायम हेच वापरतो, डोळे झाकून घ्या.

हेअरपिनवाली:
मागवणं जमणार नाही, वर लिहिलंय.

जेलवाला:
सायबर गोल्ड, जेल रंगवायचा मिसळायचा डाय. इथिडियम या जुन्या डायपेक्षा कितीतरी कमी आरएनए असला तरी दिसतो. आमच्याकडे दुसरं काही कोणी वापरतच नाही.

जुनं_ते_सोनं:
इथिडियमला उगाच बदनाम करू नका. बेसच्या जोड्यांमध्ये सरकलं की साधारण २० पट उजळतं. हेअरपिनला देठ आहे, म्हणजे त्याला जागा आहे. हातमोजे घाला, कचरा वेगळा ठेवा, संपलं.

जेलवाला:
आणि युरियाच्या जेलमध्ये? युरियाने घडी उघडते. देठच सुटला तर सरकणार कुठे? तिथे पट्टी फिकी येते ती त्यामुळेच.

जुनं_ते_सोनं:
जेल धुवून युरिया काढल्यावर रंगवलं की पट्टी बरी येते.

रायबो_रोज:
रायबोग्रीन घ्या, आरएनए किती आहे ते मोजायचा मिसळायचा डाय. मिलिलिटरमागे १ नॅनोग्रॅम आरएनएसुद्धा मोजता येतो. फक्त आधी डीएनेझ (डीएनए तोडणारं एन्झाइम) वापरा. टी७चा डीएनए टेम्पलेट मागे राहिला तर तोही तितक्याच आनंदाने चमकतो.

बांधणी:
जेल आणि मोजमाप बाजूला ठेवू, प्रश्न प्रथिनाचा आहे. मिसळून चिकटणारा डाय आरएनएवर बसतो आणि प्रथिनालाही तिथेच बसायचं असतं. मग उजेड कमी झाला तर डाय हटला, घडी बदलली की प्रथिन बसलं, सांगायचं कसं? थायाझोल ऑरेंज हा मिसळायचा डाय तर सुटा असताना जवळजवळ अंधारात असतो. त्याचे दोन भाग एकमेकांभोवती फिरत राहतात आणि ऊर्जा तशीच वाया जाते. आरएनएने ते फिरणं अडवलं की तो उजळतो. त्याला हटवून मोजायची पद्धत छोट्या रेणूंसाठी चांगली आहे. प्रथिनासाठी मी तरी विश्वास ठेवणार नाही.

हिरवी_शेपूट:
आरएनएलाच स्पिनाच अ‍ॅप्टामर (ठरावीक रेणू पकडणारा आरएनएचा तुकडा) जोडा! २०११ पासून आहे. डीएफएचबीआय हा छोटा डाय त्याच्या जी-क्वाड्रुप्लेक्सवर (ग्वानिनच्या चौकड्यांची घडी) बसून हिरवा चमकतो. पोटॅशियम मात्र हवंच.

बांधणी:
मूळ स्पिनाच ९८ न्यूक्लिओटाइडचं. ३६च्या आरएनएला एवढी शेपूट लावल्यावर आपण नेमकं काय मोजतोय?

लालपिवळा:
म्हणूनच म्हणतो, साय३-साय५.

जेलवाला:
+१ सायबर गोल्डला.

टोकाचा_विचार:
आरएनएच्या ३' टोकाला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पेरिआयोडेट चालेल. शेवटच्या साखरेवर शेजारी शेजारी दोन हायड्रॉक्सिल असतात, पेरिआयोडेटने त्यांचे दोन अल्डिहाइड होतात आणि तिथे फ्लुरेसीन डायचा हायड्राझाइड (अल्डिहाइडशी जुळणारं रूप) जोडता येतो. साधी रसायनं लागतात. ट्रिस बफर नको, त्याचा अमिन मध्येच अल्डिहाइडशी भिडतो. सोडियम अ‍ॅसिटेट, पीएच ५, अंधारात. पण तुमच्या जागी मी हे करणार नाही. टी७चे आरएनए बहुधा जीजीने (दोन ग्वानिनने) सुरू होतात आणि घडीत ३' टोक त्यांच्याच शेजारी येतं. ग्वानिन फ्लुरेसीनला इलेक्ट्रॉन देऊन विझवतो.

रायबो_रोज:
टोकाला डाय लावला की उरलेला सुटा डाय काढणं हा खरा वैताग. नुसत्या इथेनॉलने सगळा जात नाही, आणि तो राहिला तर अ‍ॅनिसोट्रॉपी खालीच दिसते.

हेअरपिनवाली:
सगळ्यांचे आभार. बहुमत मिसळायच्या डायकडे असलं तरी मी पेरिआयोडेट आणि फ्लुरेसीनच घेतेय. माझ्या आरएनएत देठाच्या पुढे ३' बाजूला जोडी नसलेले तीन ए (अ‍ॅडेनिन) आहेत, त्यामुळे डाय जीजीपासून लांब राहील. ग्वानिनने थोडा उजेड खाल्ला तरी चालेल, मला अ‍ॅनिसोट्रॉपी बघायचीय. प्रथिन बसलं की आरएनए आणि प्रथिनाचा अख्खा गट सावकाश गिरक्या घेईल आणि आकडा वर जाईल. सुटा डाय युरिया जेलवर वेगळा काढेन.

टोकाचा_विचार:
त्या तीन ए मुळेच डाय सैल हलेल आणि आकड्यातला फरक कमी दिसेल. देठाला चिकटून लावला तर उजेड जातो, लांब लावला तर फरक जातो. दोन ए काढून एकच ठेवलेला दुसरा आरएनए बनवून बघा, टेम्पलेट बदलायला फार काही लागत नाही.

बांधणी:
आणि मोजताना पीएच ८च्या जवळ ठेवा, ६.५ला फ्लुरेसीन निम्मा मंदावतो. आरएनए अपेक्षित केडीपेक्षा (ज्या प्रमाणात निम्मा आरएनए बांधला जातो ते; जितकं कमी तितकी पकड घट्ट) बराच कमी घ्या, नाहीतर वक्र पकड किती घट्ट ते न सांगता आरएनएइतकं प्रथिन झालं एवढंच दाखवेल.

हेअरपिनवाली:
एका ए चा आरएनएही बनवते. केडीचा अंदाज नाही, म्हणून ५ नॅनोमोलरपासून सुरुवात करते.