चिमुकल्यांना पाणीबचत प्रयोगातून शिकवावी का?

बालवाडीताई
पोस्टर रंगवायचं, घोषणा पाठ करायच्या, २२ मार्चला जलदिनाची फेरी काढायची. यातून पाच-सहा वर्षांच्या मुलाला पाणीबचत कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. त्याच्या हातात पेला द्या. नळाखाली टब ठेवून, नळ चालू ठेवून दात घासू द्या, चूळ बाजूला टाकू द्या. मग टबातलं पाणी पेल्यापेल्याने मोजत बादलीत ओतू द्या. मिनिटाला ६ लिटर सोडणारा नळ २ मिनिटांत १२ लिटर ओततो. पेल्यात पाणी घेऊन चूळ भरली तर एक-दोन पेल्यांत काम होतं. मोजता मोजता मुलाचे हात दुखायला लागतात आणि नेमकं तिथेच त्याला कळतं. 'पुढच्या पिढीसाठी वाचवा' हे या वयाला फार लांबचं आहे. ते स्वतःच पुढची पिढी आहेत! तुमचं काय मत?

कालवा
ताई, मुळातच असहमत. जगभरात जे गोडं पाणी उपसलं जातं त्यातलं साधारण ७० टक्के शेतीला जातं. घरगुती वापर त्याच्या कितीतरी खाली, आणि त्यात दात घासण्याचा वाटा तो केवढा? गळक्या जलवाहिन्या, पिकांची निवड, कारखान्यांचं सांडपाणी ही सगळी मोठ्यांची कामं. ती तशीच ठेवून टोचणी मात्र पाच वर्षांच्या जिवाला लावायची? अशाने एखादं मूल हात धुवायलाही कचरेल.

आणि ती बाटलीतली गाळणी! वाळू, खडे, कोळसा. वरून गढूळ पाणी ओतलं की खाली नितळ. जंतू त्यातून खुशाल पार होतात. मूल मात्र शिकतं की नितळ म्हणजे पिण्याजोगं. असलं विज्ञान न शिकवलेलं बरं.

दोघांचा बाबा
गाळणीबद्दल कालवा यांच्याशी शंभर टक्के सहमत. पण माझी खरी हरकत वयाबद्दल आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांचा प्रयोग आठवा: पसरट भांड्यातलं पाणी मुलासमोरच उंच, अरुंद भांड्यात ओतलं, तर सहा-सात वर्षांखालची बहुतेक मुलं म्हणतात, आता पाणी वाढलं. घरी धाकटीबरोबर करून पाहिलं, तीही तेच म्हणाली. अशा मुलासमोर लिटरचे हिशेब मांडून काय उपयोग?

थोरल्याला मात्र एक प्रयोग भिडला. १ लिटर पाणी म्हणजे पृथ्वीवरचं सगळं पाणी. त्यातलं गोडं जेमतेम २५ मिली. त्यातलंही बहुतेक बर्फात आणि जमिनीखाली. नद्या-तलावांच्या वाट्याला ड्रॉपरमधले एक-दोन थेंब. तो बराच वेळ गप्प होता. पण हे दहाव्या वर्षी. पाचव्या वर्षी यातून फक्त भीती पोचेल.

बालवाडीताई
भीतीचं पटलं, ते थेंब बालवाडीत नकोतच. पण पियाजेंमुळे माझा प्रयोग बाद होत नाही, बाबा. म्हणून तर पेला शेवटपर्यंत तोच ठेवायचा. पाण्याची उंची बघायचीच नाही, पेले मोजायचे. मोजणी या वयात जमते. हात धुण्याचं पाणी आम्ही कधीच मोजत नाही; साबण चोळायच्या २० सेकंदांत नळ बंद, एवढंच सांगतो.

कालवा, शेतीचं म्हणता तर दोन ट्रे घ्या. एकात उघडी माती, दुसऱ्यात गवत उगवलेली. दोन्ही सारखेच तिरके ठेवून झारीने सारखंच पाणी घाला. उघड्या मातीतून चिखलाचा लोंढा येतो. गवताच्या ट्रेमधून पाणी सावकाश आणि बरंच स्वच्छ येतं. मुलं हे पुन्हा पुन्हा करायला मागतात. शेतीला किती टक्के जातं हे ऐकण्याआधी, माती पाणी कशी धरते हे त्यांनी पाहिलेलं असावं.

कालवा
ट्रेचा प्रयोग मान्य, तो मीही करून घेईन. दात घासण्याचा अजूनही नाही. त्यापेक्षा शाळेतला गळका नळ मोजायला द्या. सेकंदाला एक थेंब, २० थेंबांचा १ मिली धरला तरी दिवसाला ४ लिटरच्या वर जातं. मुलांनी भरलेले पेले मोजावेत आणि तो आकडा नळ दुरुस्त करायची जबाबदारी ज्यांची, त्यांच्या टेबलावर ठेवावा. नळ दुरुस्त झाल्यावर त्याच मुलांना तिथे पुन्हा पेला धरू द्या.